एका शहराचे दोन क्लब



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देताना मंडळाने मला 'मराठी भाषेचे भवितव्य' हा विषय सुचवला होता. या विषयावर मी चाळीस वर्षे बोलत आलो आहे आणि माझ्या बोलण्याने त्या भवितव्यात तिळमात्र फरक पडल्याचे मला आढळलेले नाही. म्हणून मी उलट विनंती केली की, या वेळी मला फुटबॉलविषयी बोलू द्यावे. दूरध्वनीवर काही क्षण शांतता पसरली. मग पलीकडून विचारणा झाली, "सर, तुकारामांच्या अभंगांतील चेंडूफळी, असे काही का?" नाही, हवा भरलेला, पायाने मारावयाचा चेंडू, असे मी सांगितले.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत त्यांना हा विषय परका वाटला नसता. आम्हांला ते मराठी आणि संस्कृत शिकवीत. शनिवारी दुपारी मात्र धोतराचा काचा मारून, गळ्यात शिट्टी अडकवून ते मैदानावर पंच म्हणून उभे राहत. वर्गात विभक्तीचा प्रत्यय चुकला तर क्षमा होती. मैदानावर पंचाशी हुज्जत घातली तर नव्हती.

विषयाच्या निवडीला आणखी एक कारण आहे आणि ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. या शाळेचे माजी विद्यार्थी शहरातील दोन फुटबॉल क्लबांत विभागलेले आहेत. क्लबांची नावे मी घेत नाही. घेतली तर सभागृहाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंनी टाळ्या वेगवेगळ्या वेळी पडतील. हे दोन्ही क्लब एक करावेत असा ठराव पुढील महिन्यात दोन्ही सर्वसाधारण सभांपुढे येणार आहे. ठरावाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, असे दोन्हीकडचे लोक माझ्या घरी येऊन गेले. दोन्हीकडच्यांना मी चहा दिला आणि कोणालाही उत्तर दिले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम शब्दाविषयी. ठरावात 'विलीनीकरण' असा शब्द योजलेला आहे. गोव्यात हा शब्द निरागसपणे उच्चारता येत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, यावर येथील जनतेचा कौल घेण्यात आला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते, वेगळेपणाचे दोन पाने. मी तेव्हा शाळकरी होतो, मताचा अधिकार नव्हता. परंतु आमच्या घरात फुलाशिवाय दुसरी गोष्ट बोलली जात नव्हती. १,३८,१७० मते फुलाला पडली आणि १,७२,१९१ दोन पानांना. निकालाच्या दिवशी वडील जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे गृहस्थ, जे दोन पानांच्या बाजूचे होते, ते नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र मागायला आले आणि वडिलांनी नेहमीप्रमाणे ते दिले. त्या कौलात कोण बरोबर होते याचा निवाडा करण्यासाठी मी येथे उभा नाही. मला आठवते ते एवढेच की, आमच्या वडिलांना हरल्याचे दुःख झाले, फसवले गेल्याचे झाले नाही. त्यांना विचारले गेले होते. हा मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे.

योगायोग असा की, बरोबर ५३ वर्षांनी, १६ जानेवारी २०२० रोजी, भारतीय फुटबॉलमधील सर्वांत गाजलेले विलीनीकरण कोलकात्यात जाहीर झाले. मोहन बागान आणि एटीके हे दोन क्लब एक होणार, आणि नव्या क्लबातील ८० टक्के हिस्सा आरपीएसजी या उद्योगसमूहाकडे राहणार, असे त्या दिवशी सांगण्यात आले.

मोहन बागानची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी, बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या त्यांच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली, ही गोष्ट स्वातंत्र्याच्या इतिहासात सांगितली जाते. एटीके, म्हणजे आरंभीचा अ‍ॅटलेटिको डी कोलकाता, हा २०१४ साली इंडियन सुपर लीगसाठी उभा केलेला संघ. वय सहा वर्षे. परंतु २०१४, २०१६ आणि २०१९-२० अशी तीन अजिंक्यपदे त्याने मिळवली, आणि त्यांतील तिसरे येथेच, आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर, साथीच्या भयाने प्रेक्षकांवाचून खेळल्या गेलेल्या अंतिम सामन्यात. त्याच हंगामात मोहन बागानने आय-लीग जिंकली होती. म्हणजे दोन दुबळे एकमेकांच्या आधाराला आले असे झाले नाही. दोन विजेते एकत्र आले. एकाकडे एकशे तीस वर्षांचे नाव होते आणि वरच्या लीगमध्ये जाण्याइतका पैसा नव्हता. दुसऱ्याकडे पैसा होता, जागा होती, आणि नाव सहा वर्षांचे होते.

हिशेब बिनतोड होता. जुलै २०२० मध्ये ठरले की रंग हिरवा आणि तांबूस, म्हणजे मोहन बागानचेच राहतील, चिन्हावर त्यांची नावही राहील, फक्त नावाच्या आरंभी 'एटीके' ही तीन अक्षरे येतील. तीन अक्षरे! मी भाषेचा विद्यार्थी आहे. तीन अक्षरांनी काय होते याची मला थोडी कल्पना आहे. ही अक्षरे काढून टाका, एवढ्या एकाच मागणीसाठी समर्थक तीन वर्षे घोषणा देत राहिले. संघ हरत असता तर गोष्ट निराळी. संघ चांगला खेळत होता. १८ मार्च २०२३ रोजी फातोर्ड्यालाच बंगळूरु संघाशी २-२ अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर ४-३ असा विजय मिळवून त्यांनी लीग जिंकली, आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केले की, पुढील हंगामापासून नावातील एटीके जाईल आणि संघ मोहन बागान सुपर जायंट या नावाने ओळखला जाईल. येथून हाकेच्या अंतरावर ही घोषणा झाली. मी घरी दूरचित्रवाणीवर पाहत होतो. चषकापेक्षा त्या घोषणेचा आनंद मोठा होता, असे चेहऱ्यांवरून दिसत होते.

आता माझ्या मनात राहिलेली गोष्ट सांगतो. तीन अजिंक्यपदे मिळवलेला एक क्लब या प्रक्रियेत नाहीसा झाला. त्याचे सामने पाहायला हजारो लोक जात होते. तो गेला तेव्हा त्याच्यासाठी मोर्चा निघाला असे मी कोठे वाचले नाही. अजिंक्यपदे आणि क्लब या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला त्यावरून प्रथम स्पष्ट कळले. अजिंक्यपद मैदानावर मिळते. क्लब मैदानाबाहेर साठत जातो, आजोबांनी नातवाला सांगितलेल्या सामन्यांतून, हरलेल्या सामन्यांतून तर अधिकच. सहा वर्षांत आजोबा होत नाहीत.

आपल्या ठरावाशी या उदाहरणाचे नाते तपासून घेतले पाहिजे. एटीके हा मोहन बागानचा खरा प्रतिस्पर्धी नव्हताच. खरा प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल. त्याचा जन्मच रुसव्यातून झालेला आहे. १९२० मध्ये जोडाबागान क्लबाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूला वगळले, म्हणून उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह नवा क्लब काढला. पुढे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना त्या नावात आपले हरवलेले गाव सापडले. मोहन बागान जिंकला तर घरात कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकला तर इलिश मासा. बाजारात भाव त्याप्रमाणे चढतो. गोव्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. १९९७ मध्ये या दोघांच्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकच्या मैदानावर सव्वा लाखाहून अधिक माणसे होती. या दोन क्लबांच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव कोलकात्यात मांडण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.

तरी वैराचे गोडवे गाणाऱ्यांनी एक तारीख विसरू नये. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल होऊन १६ जण मृत्युमुखी पडले. विलीनीकरणाच्या बाजूने दिला जाणारा पैशाचा युक्तिवाद मला फारसा हलवत नाही. हा युक्तिवाद हलवतो. ज्याचा मुलगा त्या दिवशी घरी परतला नाही, त्याच्यापुढे 'स्पर्धेने खेळाला रंगत येते' हे वाक्य मला उच्चारता येणार नाही.

उलट टोकाचे दृश्यही आपण गोव्यातच पाहिले. २७ नोव्हेंबर २०२० रोजी, विलीनीकरणानंतरचा पहिला कोलकाता सामना वास्कोच्या टिळक मैदानावर झाला. साथीमुळे मैदान रिकामे होते. प्रशिक्षकांच्या आरोळ्या, चेंडूला बूट लागल्याचा आवाज, सर्व काही ऐकू येत होते. मोहन बागानने २-० असा विजय मिळवला. खेळ वाईट नव्हता. मला मात्र एखाद्या थोर नाटकाची रंगीत तालीम पाहावी तसे वाटत राहिले. दंगल नको म्हणून वैर काढून टाकले तर काय उरते, ते त्या संध्याकाळी दिसले.

कोलकात्याहून आता एडिनबरोला जाऊ या, कारण आपल्या ठरावाचे खरे सादृश्य तेथे आहे. तेथे हार्ट्स हा क्लब १८७४ चा आणि हिबर्नियन १८७५ चा. दुसरा आयर्लंडहून आलेल्या गरीब स्थलांतरितांचा. १९९० च्या उन्हाळ्यात हार्ट्सचे अध्यक्ष वॉलेस मर्सर यांनी कर्जात बुडालेल्या हिबर्नियनचे समभाग विकत घेण्याचा डाव टाकला. त्यांचे म्हणणे असे की, ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्सपुढे टिकायचे तर एडिनबरोचा एकच बलाढ्य क्लब हवा. हेच वाक्य, ग्लासगोऐवजी दुसऱ्या शहराचे नाव घालून, मी गेल्या महिन्यात माझ्या ओसरीवर ऐकले. हिबर्नियनचे समर्थक उठले. सभा झाल्या, मोर्चे निघाले, आणि ध्यानात ठेवण्याजोगे असे की, हार्ट्सचा जॉन रॉबर्टसन, ज्याने हिबर्नियनवर गोलांमागून गोल केले होते, तोही त्यांच्या मैदानावरील सभेत येऊन त्यांच्या बाजूने उभा राहिला. व्यवहार फसला. पुढील वर्षी, १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये, हिबर्नियनने स्कॉटिश लीग कप जिंकला.

रॉबर्टसनला काय कळले होते? समोर हिबर्नियन नसेल तर आपले गोल कोणाच्या आठवणीत राहणार, हे त्याला कळले असावे. मराठीत खेळातल्या सोबत्याला आपण 'भिडू' म्हणतो, आणि अंगावर जाण्याला 'भिडणे'. व्युत्पत्तीचा वाद मी येथे काढत नाही, परंतु ज्याच्याशी भिडायचे त्याच्याशी आपले काही नाते असते, हे भाषेला ठाऊक दिसते. ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'च्या पहिल्या प्रकरणाचे नाव 'शिवशक्तिसमावेशन' असे आहे. तेथे एकत्वाची परमावधी आहे, आणि तरीही वर्णन सतत दोघांचे आहे. आमच्या भक्तिपरंपरेने तर मुक्ती नाकारून भक्ती मागितली. देवात मिसळून गेलो तर त्याच्याशी भांडायचे कोणी, हा तिचा प्रश्न आहे. फुटबॉलच्या व्याख्यानात अध्यात्म आणल्याबद्दल अध्यक्षांनी क्षमा करावी. इतक्या वर्षांची सवय आहे.

एडिनबरोच्या कथेचा उत्तरार्ध राहिला. ज्या हार्ट्सला शेजाऱ्याला गिळून मोठे व्हायचे होते, तोच हार्ट्स २०१३ मध्ये दिवाळखोरीच्या दारात जाऊन उभा राहिला. समर्थकांनी दरमहा वर्गणी काढून त्याला वाचवले, आणि २०२१ मध्ये क्लबाची मालकी समर्थकांच्या संस्थेकडे आली. मोठेपणाने पैशाचा प्रश्न सुटतो, हे गृहीतक धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

येथवर ऐकून विलीनीकरणवादी मित्र अस्वस्थ झाले असतील. त्यांच्यासाठी आता इटलीतील जेनोआ शहराचे उदाहरण घेतो, कारण तेथे विलीनीकरण फसले आहे आणि यशस्वीही झाले आहे, आणि तेही त्याच दोन क्लबांचे. सांपिएर्दारेना या कामगारवस्तीचा सांपिएर्दारेनेसे आणि शहरातील आंद्रेआ दोरिया. १९२७ मध्ये, मुसोलिनीच्या राजवटीत, वरून हुकूम आला आणि दोघांचा एक क्लब करण्यात आला. त्याला 'ला दोमिनान्ते' असे नाव दिले. सत्ता गाजवणारी, असा त्याचा अर्थ. नाव ना याचे, ना त्याचे. काही वर्षांतच ही जुळणी मोडली आणि जुनी नावे परत आली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, तेच दोन क्लब पुन्हा एकत्र आले. या वेळी नाव झाले सांपदोरिया, अर्धे याचे, अर्धे त्याचे. सदऱ्याचा रंग निळा आणि छातीवर पांढरे, लाल व काळे पट्टे. म्हणजे एकाचा निळा-पांढरा, दुसऱ्याचा लाल-काळा. हा क्लब टिकला, १९९०-९१ मध्ये इटलीचा विजेता झाला. आणि शहरात १८९३ पासूनचा जेनोआ हा क्लब होताच, त्यामुळे भिडायलाही कोणी उरले.

त्याच १९२७ मध्ये रोममध्येही अनेक क्लब जुळवून एएस रोमा उभा करण्यात आला. लात्सिओ मात्र हट्टाने बाहेर राहिला. त्या हट्टामुळे रोमला तिचा सामना मिळाला. आज हे दोन्ही क्लब एकाच ऑलिंपिक मैदानावर खेळतात. मिलानचे दोन क्लबही १९४७ पासून सान सिरो हे एकच मैदान वापरत आले. मैदान एक असायला हरकत नसते. ते मातीचे असते.

आता जे सांगायचे ते मी इतका वेळ टाळत होतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मी पस्तिशीचा प्राध्यापक होतो. माझ्या गावी दोन वाड्यांचे दोन फुटबॉल क्लब होते, एक बाजाराकडचा आणि एक टेकडीकडचा. दोन्ही वर्षानुवर्षे खालच्या विभागात कुजत होते. गावात शिकलेला माणूस म्हणून मध्यस्थीला मला बोलावले. मी मोठ्या उत्साहाने काम अंगावर घेतले. कागद घेऊन दोन रकाने आखले; जमा, खर्च. दोन मैदानभाडी, दोन नोंदणीशुल्के, बुटांचे दोन संच. दोघांकडे मिळून एक चांगला गोलकीपर आणि दोन चांगले फॉरवर्ड. ठरावाचा मसुदा मी लिहिला. मराठी उत्तम होते, हे आजही सांगतो. 'दोन ओढे मिळून एक नदी' अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते आणि त्याला टाळ्या पडल्या. क्लबाला मी नवे संस्कृत नाव दिले. ना बाजाराचे, ना टेकडीचे. म्हणजे 'ला दोमिनान्ते' मी येथे बसून पुन्हा रचली होती, फक्त मला ते ठाऊक नव्हते.

दोन्ही समित्यांच्या मिळून बावीस माणसांनी ठराव मंजूर केला. वाड्यांना कोणी विचारले नाही. विचारावे असे मलाही सुचले नाही; फुलाच्या पराभवानंतरची सकाळ पाहिलेल्या मला सुचले नाही, हे अधिक लाजिरवाणे.

पहिल्या वर्षी संघ वर चढला. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी शिगम्यानंतरचा सामना आला, म्हणजे आला नाही. दरवर्षी शिगमो संपला की बाजार विरुद्ध टेकडी असा सामना होई. त्याच्या आधी आठवडाभर दोन्ही वाड्यांतील मुले मैदानावर रोलर ओढत, बायका लिंबाचे सरबत करत, मुंबईहून माणसे रजा काढून येत. आता सामना कोणाशी? म्हणून मैदानावर रोलर ओढायलाही कोणी आले नाही. टेकडीकडचे एक वृद्ध गृहस्थ होते, संघाचे सदरे तेच धूत आणि वाळत घालत. ते मला वाटेत भेटले आणि शांतपणे म्हणाले, "सर, आतां आमी झगडपाचें कोणाकडेन?" मी काहीतरी सांगितले, वरच्या विभागातील संघांची नावे घेतली असावीत. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. सदरे त्यांनी पुन्हा धुतले नाहीत. तिसऱ्या वर्षी चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबांकडे गेले, चौथ्या वर्षी नोंदणी झाली नाही. त्या मैदानाच्या अर्ध्या भागात आज मोटारी उभ्या असतात. माझ्या प्रबंधात चुका नव्हत्या असे नाही, पण माझ्या हातून झालेले सर्वांत मोठे नुकसान त्या सुंदर मराठीतल्या एका पानाने केलेले आहे.

या अनुभवामुळे मी एकांगी झालो असेन, म्हणून गोव्यातील दुसरी बाजूही मांडतो. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब द गोवा यांची झुंज हे एके काळी आपले वैभव होते. धेंपोने राष्ट्रीय पातळीवर पाच अजिंक्यपदे मिळवली, चर्चिलने आणि साळगावकरने दोन दोन. २०१४ मध्ये धेंपो आणि साळगावकर या प्रतिस्पर्धी क्लबांमागची दोन घराणी एफसी गोवाच्या स्थापनेत एकत्र आली. क्लब विलीन झाले नाहीत, पुंजी एकत्र आली. एकट्याला न झेपणारे काम त्यातून झाले: २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसामन्यांत खेळला, आणि तसे खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. त्या संघाचे समर्थक खोटे आहेत असे म्हणण्याची माझी छाती नाही. माझा नातू त्यांतला आहे. परंतु २०१६ मध्ये, लीगच्या नव्या रचनेवरून, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले आणि एका पिढीला धेंपो-साळगावकर सामना देशाच्या पटावर पाहायला मिळाला नाही. नावे मात्र मिटवली नव्हती. म्हणूनच २०२४-२५ च्या हंगामात धेंपो आय-लीगमध्ये परत येऊ शकला. मिटवलेल्या नावाला परत येण्याची वाट नसते. जेनोआच्या त्या दोन क्लबांना ती मिळाली, कारण नाव फक्त कागदावरून पुसले गेले होते.

वेगळे राहणाऱ्यांना सुखच मिळते, असेही मी म्हणणार नाही. ईस्ट बंगालने विलीनीकरण न करता गुंतवणूकदार आणला, त्याच्याशी करारावरून भांडण केले, दुसरा आणला. २०२०-२१ पासूनच्या पाच हंगामांत लीगमध्ये तो चारदा नववा आणि एकदा शेवटचा आला. मध्यंतरी, २०२४ च्या जानेवारीत, त्याने सुपर कप जिंकला, एवढाच दिलासा. नाव राखण्याची किंमत पडते आणि ती दरवर्षी पडते.

आणि २०२४ मध्येच ऑगस्टच्या १८ तारखेला या दोघांचा ड्युरँड कपमधील सामना रद्द करण्यात आला. कोलकात्याच्या रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरच्या हत्येने शहर पेटले होते. सामना रद्द झाला तरी समर्थक सॉल्ट लेकच्या मैदानाबाहेर जमले. मोहन बागानचे, ईस्ट बंगालचे आणि मोहमेडन स्पोर्टिंगचे, आपापल्या रंगांचे सदरे घालून, एका घोषणेखाली, एकमेकांच्या खांद्यावर बसून. एकी दाखवण्यासाठी कोणाला रंग बदलावा लागला नाही.

आता आपल्या दोन क्लबांविषयी. त्यांच्यापुढील अडचणी खोट्या नाहीत. मुले बारावी झाली की पोर्तुगीज पासपोर्टवर परदेश गाठतात किंवा जहाजावर जातात. अकरा जण जमवताना दोन्ही चिटणिसांचा जीव मेटाकुटीला येतो, हे मी पाहतो. मैदान एक करा. प्रशिक्षक एक ठेवा. चौदा वर्षांखालील मुलांचा संघ एकत्र करा. त्या वयाला भिडू बदलून खेळण्यातच मौज असते. बस एक करा, परतीच्या प्रवासात कोण गप्प बसते ते दोघांनाही दिसेल. एवढे करूनही एखाद्या वर्षी अकरा जमले नाहीत, तर जेनोआसारखे एकत्र या. पण दोन्ही नावे आणि चारही रंग सदऱ्यावर ठेवून, आणि शहरात भिडायला दुसरा कोणी आहे ना, हे पाहून. मात्र त्याआधी समित्यांबाहेरच्यांना विचारा: सदरे धुणाऱ्याला, सरबत करणारीला, रजा काढून येणाऱ्याला. बावीस माणसांच्या सहीने हे करू नका. मतदान घ्या, मते मोजा, आणि हरलेल्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र मागायला जा.

मी दोहोंपैकी कोणत्याही क्लबाचा सभासद नाही, त्यामुळे सभेत मला मत नाही. कोणी बोलावले तर मागच्या बाकावर येऊन बसेन. ठरावाचा मसुदा शुद्ध मराठीत लिहून देण्यासाठी मात्र कृपा करून माझ्याकडे येऊ नये.